फिलिपिन्स नको म्हणणारे अमेरिकन (१८९८ ते १९०२)

चाफेकळी

गेल्या महिन्यात आई-बाबा आमच्याकडे बॉस्टनला आले होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नेतो तसं त्यांनाही फॅन्यूल हॉल दाखवायला नेलं. खाली दुकानं, वर जुनं सभागृह, व्यासपीठामागे भिंतभर पसरलेलं चित्र. स्वातंत्र्ययुद्धाआधीच्या सभा इथे गाजल्या हे तिथे कोणीही सांगतं. मी आईला आणखी एक तारीख सांगितली, १५ जून १८९८. स्पेनशी युद्ध ऐन भरात होतं आणि अमेरिका जिंकत होती. त्या दिवशी याच सभागृहात शहरातली माणसं जमली ती सरकारला "हाती लागलेला मुलूख गिळू नका" असं बजावायला.

आई म्हणाली, "जिंकत असताना? आपल्याच सरकारला? ते का गं?"

तिथे उभ्याउभ्या दिलेलं उत्तर मलाच पटलं नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. इथे इतिहासातली जाणती मंडळी आहेत, म्हणून धागा काढते.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्यूबात स्पेनविरुद्ध बंड पेटलेलं होतं. फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि एप्रिलमध्ये युद्ध सुरू झालं. त्याच वेळी अमेरिकन काँग्रेसने ठराव करून टाकला की क्यूबा आम्ही आमच्या ताब्यात ठेवणार नाही. फिलिपिन्सबद्दल असं काही कोणी लिहून ठेवलं नव्हतं, कारण फिलिपिन्स कोणाच्या डोक्यातच नव्हतं. १ मे रोजी कमोडोर ड्युईच्या ताफ्याने मनिलाच्या आखातात स्पेनचं आरमार बुडवलं. १२ जूनला एमिलिओ आगिनाल्दोने फिलिपिन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणजे फॅन्यूल हॉलची सभा भरली तेव्हा त्या घोषणेला जेमतेम तीन दिवस झाले होते. आणि १० डिसेंबरला पॅरिसच्या तहात स्पेनने तीच बेटं २ कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केली. त्या टेबलावर एकही फिलिपिनो नव्हता. त्यांचा दूत फेलिपे आगोन्सिल्यो आधी वॉशिंग्टनला गेला, मग पॅरिसला गेला, पण दूत म्हणून त्याला कोणी मान्यताच दिली नाही.

नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉस्टनला अँटी-इम्पिरिअलिस्ट लीग स्थापन झाली. अध्यक्ष जॉर्ज बाउटवेल, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँटच्या मंत्रिमंडळातले अर्थमंत्री. पुढे लीगमध्ये आणि तिच्या आसपास कोण कोण आलं बघा : पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, त्याच्या विरुद्ध टोकाचा कामगारनेता सॅम्युअल गॉम्पर्स, तत्त्वज्ञ विल्यम जेम्स, माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड, शिकागोच्या गरीब वस्तीत राहून काम करणाऱ्या जेन अ‍ॅडम्स, आणि १९०० पासून मार्क ट्वेन. एरवी ही माणसं एका पंगतीला बसली नसती.

मला सगळ्यांत भिडला तो सिनेटर जॉर्ज फ्रिस्बी होर. सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाचा, आणि राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीही त्याच पक्षाचा. होरच्या आईचे वडील रॉजर शर्मन यांची अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे. 'सरकारला मिळणारी सत्ता शासितांच्या संमतीतून येते' हे वाक्य या माणसाच्या घरचं होतं. त्याचा प्रश्न अगदी सरळ होता. जे वाक्य लिहून आपण इंग्लंडच्या राजाला झुगारलं, ते खरं असेल तर ७ हजार मैलांवरच्या माणसांना आपण पैसे मोजून विकत कसे घेऊ शकतो? आणि खोटं असेल, तर आपला स्वतःचा देश कशावर उभा आहे?

त्याच मॅसॅच्युसेट्सचा दुसरा सिनेटर हेन्री कॅबट लॉज तहाच्या बाजूचा म्होरक्या होता. एकाच राज्याचे, एकाच पक्षाचे दोघे सिनेटर समोरासमोर उभे.

आईला मी हे उत्तर दिलं, 'संमती'चं. पण नंतर जसजसं वाचत गेले तसं लक्षात आलं की विरोध करणाऱ्यांत प्रत्येकाचं कारण वेगळं होतं, आणि काही कारणं वाचून मान खाली जाते. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन. तुम्हीही लिहा.

निवृत्त मास्तर

चाफेकळी, विषय चांगला घेतलास. मतदानाचा प्रसंग तुझ्या लेखात राहिला, तो सांगतो.

तहाला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. मतदान ठरलं होतं ६ फेब्रुवारी १८९९ ला. ४ तारखेच्या रात्री मनिलाच्या वेशीवर एका अमेरिकन शिपायाने समोरून येणाऱ्या फिलिपिनो सैनिकांवर गोळी झाडली आणि युद्ध पेटलं. बातमी मतदानाच्या आदल्या दिवशी वॉशिंग्टनला पोहोचली. तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाला. हिशेब करून बघा. ८४ चे दोन-तृतीयांश ५६. एकच मत वर पडलं.

आता खरी मेख. डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता विल्यम जेनिंग्ज ब्रायन स्वतः विस्ताराच्या विरोधात होता, पण त्यानेच आपल्या लोकांना तहाच्या बाजूने मत द्यायला सांगितलं. त्याचं गणित असं, की आधी युद्ध संपू दे, बेटं स्पेनच्या हातून सुटू देत, मग आपण फिलिपिन्सला स्वातंत्र्य देण्याचा ठराव आणू. आठ दिवसांत तसा ठराव मतदानाला आलासुद्धा. बेकन नावाच्या सिनेटरने मांडला. मतं पडली २९ विरुद्ध २९. समसमान झाल्यावर उपराष्ट्राध्यक्ष होबार्टने विरोधात मत टाकलं आणि ठराव पडला. एवढ्यावरून पुढची ४७ वर्षं गेली. फिलिपिन्स स्वतंत्र झालं ते ४ जुलै १९४६ ला.

मी ३१ वर्षं शाळेत इतिहास शिकवला. 'एका मताने काय होतं' असं मुलं विचारायची, तेव्हा हे उदाहरण मला ठाऊक असायला हवं होतं.

ओवी

वाचतेय. मास्तर, ब्रायन १९०० ची निवडणूक याच मुद्द्यावर लढला ना? मग हरला कसा? लोकांना साम्राज्य हवंच होतं?

निवृत्त मास्तर

ओवी, साम्राज्य हाच मुख्य प्रश्न आहे असं त्याने जाहीर केलं होतं खरं. पण त्याच्या दुसऱ्या हातात चांदीचा मुद्दा होता. सोन्याबरोबर चांदीचंही चलन मोकळं करा, ही शेतकऱ्यांची मागणी तो सोडायला तयार नव्हता. लीगमधले बरेच जण बॉस्टन-न्यूयॉर्कचे सुखवस्तू लोक. त्यांना सोन्याचंच चलन हवं. फिलिपिन्ससाठी ब्रायनला मत द्यावं तर चांदी येते, चांदी नको म्हणून मॅकिन्लीला द्यावं तर फिलिपिन्स जातं. कार्नेगीने शेवटी मॅकिन्लीला पाठिंबा दिला. २९२ विरुद्ध १५५ प्रतिनिधी-मतांनी मॅकिन्ली आला. त्यात सुबत्ता होती, कारखाने चालू होते. त्या निकालावरून लोकांचा साम्राज्याबद्दलचा कौल काढणं मला कठीण वाटतं.

सह्यकडा

लेख आवडला, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्टच लिहितो.

'संमती'चं तत्त्व १८९८ मध्येच का आठवलं? त्याआधी शंभर वर्षं पश्चिमेकडे सरकत मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या, १८४८ मध्ये मेक्सिकोचा निम्मा मुलूख घेतला, तेव्हा कोणाची संमती विचारली? हा प्रश्न विस्तारवाल्यांनीच विचारला होता. अल्बर्ट बेव्हरिज हा तरुण पुढारी १८९८ च्या भाषणात म्हणाला की इंडियनांवर, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांवर, आपण त्यांच्या संमतीशिवायच राज्य करतो, मग फिलिपिन्सवर का नाही? नीच प्रश्न, पण त्याचं उत्तर विरोधकांकडे धड नव्हतं. लीगचे मोठे वक्ते कार्ल शूर्ट्झ. जर्मनीतल्या १८४८ च्या क्रांतीत लढून आलेला माणूस. पण १८७७ ते ८१ ते गृहखात्याचे मंत्री होते आणि इंडियनांचा कारभार त्यांच्याच हाताखाली होता. मुलांना आईबापांपासून तोडून दूरच्या शाळेत नेण्याची पद्धत त्याच काळात सुरू झाली.

होरचंही तेच. हवाईच्या लोकांनी विलीनीकरणाविरुद्ध २१ हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज केला होता. तो १८९७ च्या डिसेंबरात सिनेटपुढे ठेवणारा होरच. आणि जुलै १८९८ मध्ये हवाई घ्यायला हो म्हणणाराही होरच. मग तत्त्व कुठे राहिलं?

चाफेकळी

सह्यकडा, तुमचं म्हणणं मी टाळणार नाही. उलट 'मान खाली जाते' म्हटलं ते याचंच पुढचं पान आहे.

विरोध करणाऱ्यांतला एक मोठा गट फिलिपिनो लोकांना नको होता म्हणून फिलिपिन्सला नको म्हणत होता. साउथ कॅरोलायनाचा सिनेटर बेन टिलमन घ्या. आपल्या राज्यातल्या काळ्या लोकांचं मत हिरावलं याची जाहीर फुशारकी मारणारा माणूस. तो विस्ताराच्या विरोधात भाषणं करत होता, कारण आणखी 'वेगळ्या रंगाची' माणसं देशात यायला नकोत. गॉम्पर्सची भीती मजुरीची होती, पण तीही त्याच भाषेत. चिनी मजुरांना १८८२ पासून कायद्याने बंदी होती. बेटं आपली झाली तर तिथून स्वस्त मजूर येतील आणि आठ तासांच्या दिवसासाठी झगडून मिळवलेलं सगळं जाईल, असं तो म्हणायचा. बीटाची साखर करणारे कारखानदारही विरोधात होते, कारण तिकडच्या उसाची साखर बिनजकात आली असती. सभापती टॉमस रीडने तर 'डोई दोन डॉलर दराने एक कोटी मलाय घेतले' असं बोचरं वाक्य टाकलं आणि १८९९ मध्ये राजीनामा देऊन राजकारणच सोडलं. त्या वाक्यात सौद्याची चीड आहे, पण ज्यांचा सौदा झाला त्या माणसांबद्दल काही नाही.

गंमत म्हणून नव्हे, खरोखर अस्वस्थ होऊन लिहिते : दोन्ही बाजूंना वंशाचा माज होता. एक बाजू म्हणे, ही माणसं कमी दर्जाची म्हणून आपण त्यांच्यावर राज्य करू. दुसरी म्हणे, कमी दर्जाची म्हणून त्यांना आपल्यात घेऊ नका. या दोन्हींच्या मधून होर, लीगचे मूरफील्ड स्टोरी, जेम्स, अ‍ॅडम्स यांना आपली वाट काढावी लागली, आणि त्यांनाही ती नेहमी जमली नाही. हवाईच्या बाबतीत होर चुकला असंच मी म्हणेन.

पण एक सांगा, ज्याने आधी गप्प बसण्याचं पाप केलं तो पुढच्या वेळी बोलला तर त्याचं बोलणं खोटं ठरतं का? मला नाही वाटत. १९०२ मध्ये पक्षातले बहुतेक जण गप्प असताना होरने सिनेटमध्ये उभं राहून फिलिपिन्समधल्या छळाचा जाब विचारला. ते कोणीतरी करायलाच हवं होतं.

रानपाखरू

यात काळ्या अमेरिकनांचा विरोध राहून जातोय. सगळ्यांत खरा मला तोच वाटतो, कारण त्यांना 'शासितांची संमती' पुस्तकात वाचावी लागत नव्हती.

नोव्हेंबर १८९८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात गोऱ्या टोळ्यांनी निवडून आलेलं शहर-सरकार बंदुकीच्या जोरावर उलथवलं आणि काळ्या लोकांना मारलं. वॉशिंग्टनने बोटही हलवलं नाही. पुढच्या महिन्यात तेच वॉशिंग्टन फिलिपिन्सला 'स्वातंत्र्य आणि सुव्यवस्था' द्यायला निघालं. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी तेव्हाच बजावलं, की घरच्या काळ्या माणसाला संरक्षण देता येत नाही तोवर बाहेर विस्तार करू नका. बिशप हेन्री टर्नर या युद्धाला अपवित्र म्हणाले.

आणि तरी काळ्यांच्या पलटणी फिलिपिन्सला गेल्या, २४ वी आणि २५ वी इन्फन्ट्री. फिलिपिनो लढवय्ये त्यांच्यासाठी पत्रकं टाकून ठेवत : 'काळ्या अमेरिकन शिपायास', आणि त्यात एप्रिल १८९९ मध्ये जॉर्जियात जमावाने जाळून मारलेल्या सॅम होजची आठवण दिलेली असे. तुमच्या माणसाला तिकडे जाळतात आणि तुम्ही इकडे त्यांच्यासाठी आम्हाला मारता. डेव्हिड फेगन नावाचा २४ व्या पलटणीचा शिपाई १८९९ च्या नोव्हेंबरात खरंच पलीकडे गेला आणि फिलिपिनो फौजेत अधिकारी झाला.

बहुतेक शिपाई गेले नाहीत. पलटणीत राहिले, लढले आणि घरी लिहिलेल्या पत्रांत मन मोकळं करत राहिले. त्यातली कित्येक पत्रं काळ्यांच्या वर्तमानपत्रांत छापून आली.

वाचनखूण

धागा वाचनखुणेत साठवला. पैशाच्या बाजूने कोणी लिहील का? कार्नेगीसारखा माणूस विरोधात कसा, हे कळत नाही. त्याला तर बाजारपेठ हवी असणार.

चाफेकळी

वाचनखूण, कार्नेगीचं म्हणणं असं की बाजारपेठेला झेंडा लागत नाही. माल चांगला आणि स्वस्त असेल तर कुठेही खपतो. वसाहत घेतली की आरमार आलं, फौज आली, पेन्शन आलं आणि हा सगळा खर्च करदात्याच्या डोक्यावर. तो इतका पुढे गेला की २ कोटी डॉलर मी माझ्या खिशातून भरतो, बेटांना स्वातंत्र्य देऊन टाका, असं त्याने सुचवलं. सहा वर्षांपूर्वी होमस्टेडच्या त्याच्या कारखान्यात संपावरच्या कामगारांवर गोळ्या चालल्या होत्या, तोच हा माणूस. दोन्ही गोष्टी खऱ्या.

हिशेबाचा खरा माणूस मात्र एडवर्ड अ‍ॅटकिन्सन. बॉस्टनचा, विमा आणि कापड धंद्यातला, आकडेमोडीचा नाद असलेला. त्याने साम्राज्याचा खर्च मांडणाऱ्या पुस्तिका छापल्या. एकीचं नाव होतं 'गुन्हेगारी आक्रमण : कोणी केलं?' हे शब्द त्याचे नव्हतेच. जबरदस्तीने मुलूख जोडणं हे आमच्या नीतीत गुन्हेगारी आक्रमण ठरेल, असं मॅकिन्लीनेच १८९७ च्या डिसेंबरात क्यूबासंदर्भात काँग्रेसला लिहून दिलं होतं. अ‍ॅटकिन्सनने राष्ट्राध्यक्षाचंच वाक्य त्याच्यापुढे धरलं.

मग त्याने युद्धखात्याला पत्र लिहिलं : या पुस्तिका फिलिपिन्समधल्या शिपायांना पाठवायच्या आहेत, पत्ते द्या. उत्तर आलं नाही. तेव्हा त्याने नमुन्याला मोजक्या प्रती ड्युईला, मनिलातले अमेरिकन सेनापती जनरल ओटिस यांना, आणखी काही जणांना टपालाने धाडल्या. पोस्टमास्टर जनरलने हुकूम काढून सॅन फ्रान्सिस्कोला मनिलाच्या टपालातून त्या काढून घेतल्या. ही बातमी पसरली आणि देशभरातून पुस्तिकेला मागणी आली.

मला त्या टपालाच्या पिशवीचं चित्र डोळ्यांसमोर येतं. बंदरात बोट उभी आहे आणि कोणीतरी कारकून पाकिटं चाळून सात-आठ पाकिटं बाजूला काढतो आहे. लीगने दुसरं काम केलं ते शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं गोळा करून छापण्याचं. मनिलात जनरल ओटिसची बातम्यांवर करडी नजर होती, तरी खरी हकिगत या घरगुती पत्रांतून बाहेर आली. गावं जाळल्याची, आणि माणसाच्या घशात पाणी ओतून पोट फुगवून त्याला बोलायला लावण्याची. १९०२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे याच्या साक्षी झाल्या.

आणि जेन अ‍ॅडम्सचं एक निरीक्षण. १८९९ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या सभेत त्या म्हणाल्या, आमच्या गल्लीतली मुलं लढाई-लढाई खेळतात. ती क्यूबाला मुक्त करण्याचं खेळत नाहीत, स्पॅनिश माणसं मारण्याचं खेळतात. सैन्याचा मोठेपणा देशात शिरला की तो पोरांच्या खेळात कसा उतरतो, हे त्यांनी स्वतःच्या दारात उभं राहून पाहिलं होतं. सगळ्या मोठमोठ्या भाषणांत मला हे सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं.

बॅ. जोगळेकरांची नात

कायद्याच्या बाजूचं मी लिहिते, कारण त्यातले परिणाम अजून चालू आहेत.

विरोधकांचा एक मोठा प्रश्न होता : झेंडा गेला तिथे राज्यघटना जाते की नाही? जात असेल तर त्या लोकांना नागरिक करा. जात नसेल, तर राज्यघटनेबाहेर राज्य करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो संत्र्यांच्या पेटाऱ्यांमुळे. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्याच्या कंपनीने प्वेर्तो रिकोहून, म्हणजे त्याच युद्धात स्पेनकडून घेतलेल्या बेटावरून, न्यूयॉर्कला संत्री आणली. जकात लागली ६५९ डॉलर ३५ सेंट. तो म्हणाला, प्वेर्तो रिको आता अमेरिकेचाच भाग, मग जकात कसली? राज्यघटना सांगते की देशभर कर एकसारखेच हवेत.

मे १९०१ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण अमेरिकेचा भाग नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी शब्द वापरले त्यांचा अर्थ साधारण 'घरातल्या घरात परका' असा होतो. न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी निकाल लिहिला, की राज्यघटनेबाहेर असा कारभार चालवण्याची कल्पनाच या देशाला परकी आहे. विरोधकांच्या बाजूने न्यायालयात निघालेला हा सगळ्यांत मोठा आवाज, आणि तो एका मताने कमी पडला.

प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये नागरिकत्व मिळालं. पण बेटावर राहणाऱ्याला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. लीगवाले हेच म्हणत होते.

सह्यकडा

हे माहीत नव्हतं. 'घरातल्या घरात परका' हा शब्द डोक्यातून जात नाहीये.

चाफेकळीताई, माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. होरबद्दलचा नाही, पण बाकीचा.

निवृत्त मास्तर

आपल्याकडचे दोन धागे जोडतो, ओढूनताणून नव्हे.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते सदाचारी लोक कोण? गुलामीविरुद्ध झगडलेल्या त्याच पिढीतली मंडळी २५ वर्षांनी लीगमध्ये दिसतात. बाउटवेल त्यातलेच. मूरफील्ड स्टोरी तरुणपणी गुलामीविरोधी सिनेटर चार्ल्स सम्नरचे चिटणीस होते, पुढे लीगचे अध्यक्ष झाले आणि १९०९ नंतर काळ्यांच्या हक्कांसाठी निघालेल्या मोठ्या संघटनेचेही पहिले अध्यक्ष. गुलामीविरुद्ध लढलेला पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसन, त्याचा मुलगाही लीगच्या बाजूने होता. फुले १८९० मध्ये गेले. त्यांनी नमस्कार केला त्या परंपरेने पुढे काय केलं, हे त्यांना पाहता आलं नाही. म्हणून मला ही हकिगत परकी वाटत नाही.

दुसरा धागा ट्वेनचा. १८९६ च्या जानेवारीत तो मुंबईत होता. हॉटेलच्या खोलीत एका गोऱ्या माणसाने काही न सांगता इथल्या नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट सोसली. ते पाहून ट्वेनला पन्नास वर्षांपूर्वीचं आपलं बालपण आठवलं, मिसूरीतलं, गुलामांचं. त्याने ते लिहून ठेवलं आहे. तरीही १८९८ मध्ये क्यूबासाठीच्या युद्धाला त्याचा पाठिंबाच होता. पॅरिसचा तह वाचल्यावर तो बदलला. १९०० च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने पत्रकारांना सांगितलं की आपण या लोकांना मुक्त करायला नाही, अंकित करायला गेलो आहोत, आणि गरुडाने दुसऱ्याच्या भूमीवर पंजा रोवू नये. एकदा ठरवल्यावर मरेपर्यंत, १९१० पर्यंत, तो लीगचा उपाध्यक्ष राहिला.

आणि 'गोऱ्या माणसाचं ओझं' ही कविता अमेरिकेने फिलिपिन्स घ्यावं म्हणून १८९९ मध्ये लिहिणारा किपलिंग जन्मला आपल्या जे. जे.च्या आवारात.

ओवी

मास्तर, ब्रायनसुद्धा १९०६ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला आणि ब्रिटिश राज्याबद्दल इतकं कडक लिहिलं की सरकारने ते लेखन इथे येऊ दिलं नाही, हे कालच वाचलं. तोच ब्रायन का?

निवृत्त मास्तर

तोच.

सिस्टर वर्षा

मी इतिहासातली नाही. आखातात एका हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, १४ वर्षं झाली. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या वॉर्डातली एक सहकारी सामार बेटावरची, बालांगिगा गावाजवळची. डिसेंबर २०१८ मध्ये एका रात्रपाळीला ती जेवणाच्या खोलीत मोबाइल धरून रडत होती. मी घाबरले, घरी काही झालं का म्हणून. तिने स्क्रीन दाखवला. गावच्या चर्चच्या तीन घंटा परत आल्या होत्या.

मग तिने सांगितलं. २८ सप्टेंबर १९०१ ला सकाळी गावकऱ्यांनी तिथल्या अमेरिकन तुकडीवर हल्ला केला. इशारा घंटेचा होता. ७४ पैकी ४८ शिपाई मेले. त्यानंतर जनरल जेकब स्मिथने दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला मारा आणि सामार ओसाड करा, असा हुकूम दिला. त्याच्यावर खटला चालला, शिक्षा झाली ती समज देण्याची, आणि त्याला निवृत्त केलं. सैनिकांनी घंटा लुटून नेल्या. दोन अमेरिकेत वायोमिंगच्या तळावर होत्या, एक दक्षिण कोरियात पलटणीबरोबर. ११७ वर्षांनी आल्या.

ती म्हणाली, माझ्या आजीला तिच्या आजीने सांगितलं होतं की आमच्या घंटेचा आवाज समुद्रात दूरवर जायचा. आमच्यापैकी कोणी तो ऐकलाच नव्हता. तिने मोबाइल माझ्या कानाला लावला. बारीक आवाज होता, मागे लोकांचा गोंगाट. आम्ही दोघी ड्यूटी सुरू व्हायची वेळ होईपर्यंत तशाच बसून राहिलो.

तुम्ही विरोध करणाऱ्या अमेरिकनांबद्दल लिहिलंत ते मी तिला जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. होरचं, अ‍ॅटकिन्सनचं, त्या काळ्या शिपायाचं. तिने फक्त फेगनचं नाव पुन्हा विचारलं आणि लिहून घेतलं.

चाफेकळी

वर्षाताई, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

तुमच्या मैत्रिणीने फेगनचंच नाव का लिहून घेतलं असेल, याचा विचार करते आहे. त्या युद्धात अमेरिकेचे ४,२०० वर शिपाई गेले, फिलिपिनो लढवय्ये २० हजारांवर, आणि साधी माणसं लढाईत, उपासमारीत, कॉलऱ्यात मिळून २ लाखांपर्यंत. लीगच्या पत्रकांत पान-पान अमेरिकेची काळजी आहे : आपली राज्यघटना, आपला खर्च, आपला आत्मा. तो विरोध प्रामाणिक होता हे मी शेवटपर्यंत म्हणेन. पण फिलिपिनो माणूस त्यात क्वचितच बोलताना दिसतो. फेगन त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

काल आईने हा सगळा धागा वाचून काढला आणि पुण्याहून फोन केला. तिचा दुसरा प्रश्न आला आहे. "तो दूत गं, पॅरिसला गेलेला. आगोन्सिल्यो. तो काय सांगायला गेला होता, ते कुठे लिहिलं आहेस?"

लिहिलेलं नाही. उद्यापासून त्याच्यावर वाचायला घेते. कोणाकडे काही असेल तर इथेच टाका.